मासा आजारी पडण्याआधी पाणी आजारी पडते

मे महिन्याची अखेर होती. दवाखाना उघडायला गेलो तर ओळखीचे एक शेतकरी पायरीवर येऊन बसलेले. चेहरा पार उतरलेला. "डॉक्टरसाहेब, टेट्रासायक्लिनच्या शंभर कॅप्सूल लिहून द्या."

"शंभर? घरात कोण आजारी आहे?"

"माणसं बरी आहेत. माशांना पायजेत. काल सकाळी तीस मेले, आज साठ. शेजारी म्हणतात, पेंडीत कालवून घाला."

वाचकहो, आधी एक कबुली देतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका तळेवाल्याला मी गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्यातले मला काही कळत होते म्हणून नव्हे, आग्रह मोडवला नाही म्हणून. मासे मरायचे ते मेलेच, वर औषधाचा खर्च त्या बिचाऱ्याच्या अंगावर पडला. ती गोष्ट मनाला लागून राहिली होती. म्हणून या खेपेला पेन खाली ठेवले आणि मत्स्यशास्त्र शिकलेल्या एका स्नेह्याला फोन लावला.

त्यांनी तीनच प्रश्न विचारले. मासे कोणत्या वेळी मरतात? मोठे आधी मरतात की लहान? आणि गेले दोन-तीन दिवस आभाळ कसे आहे? उत्तरे अशी : पहाटे मरतात, किलोभराचे कटले आधी गेले आणि तीन दिवसांपासून वळिवाचे ढग दाटून आहेत. शिवाय तळ्यातले पाणी आटून कमरेएवढे राहिले होते. पावसाआधी मासे विकायचे, म्हणून वजन वाढावे या आशेने पेंड आणि कोंडा दुप्पट घातला जात होता.

"हा रोगच नाही," स्नेही म्हणाले. "मासे गुदमरताहेत. खाणे बंद करा आणि रात्रभर पंप चालवा."

पहाटेचा घात

माशालाही श्वास लागतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो कल्ल्यांवाटे घेतो. तळ्याच्या पाण्याला हिरवा रंग देणारे सूक्ष्म शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते, रात्री मात्र तेच शेवाळ प्राणवायू वापरते. तळाशी कुजणारी पेंड आणि शेणही तो खात असते. त्यामुळे सूर्योदयाच्या थोडे आधी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. ढगाळ दिवशी तो मुळातच कमी तयार होतो, म्हणून त्यानंतरची पहाट जास्त धोक्याची.

कटला-रोहूसारख्या माशांना लिटरमागे ५ मिलिग्रॅम प्राणवायू असला की बरे असते. तो ३ च्या खाली गेला की त्यांना त्रास सुरू होतो. मासे वर येऊन आ वासू लागतात. मोठ्या माशांची गरज अधिक, म्हणून ते आधी जातात. ऊन चढले की उरलेले सावरतात आणि आपल्याला वाटते, रोगाची साथ ओसरली.

अशा वेळी ताजे पाणी सोडावे. ते नसेल तर तळ्यातलेच पाणी पंपाने उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे परत तळ्यात पाडावे. घाईने चुना मात्र टाकू नये. चुन्याने पाण्याचा सामू वाढतो आणि साचलेला अमोनिया अधिक विषारी होतो.

त्या रात्री पंप चालला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे तळ्यावर गेलो, तेव्हा चार मासे मेलेले होते. तिसऱ्या दिवशी एकही नाही.

खरा रोग कसा ओळखावा?

रोगाने मासे सहसा एका पहाटेत एकदम मरत नाहीत, दिवसेंदिवस थोडे थोडे मरतात. मासा खाणे सोडतो, काठाशी सुस्त पडून राहतो आणि अंगावर खुणा दिसतात.

अंगावर लाल डाग पडून त्यांच्या खोल जखमा झाल्या, तर तो व्रणांचा रोग असू शकतो. भारतात तो १९८८ साली आला. एका बुरशीसदृश जीवाणे तो होतो आणि थंडीच्या दिवसांत बळावतो. त्याचा संसर्ग माणसाला होत नाही. मात्र जखमांत इतर जंतू शिरलेले असतात, म्हणून असे मासे खाऊ नयेत आणि हाताला चीर असेल तर ते हाताळूही नयेत.

मासे अंग घासत, उड्या मारत असतील तर खवल्यांवर नीट पाहावे. चपटे, डोळ्यांना दिसणारे किडे आढळले तर त्या माशांच्या उवा. त्या कठीण वस्तूंवर अंडी घालतात. त्यासाठी तळ्यात बांबू रोवून ठेवावेत आणि दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवावेत. बिनपैशाचा उपाय आहे.

कोळंबीची गोष्ट

खाडीकाठच्या कोळंबी शेतकऱ्यांचे दुःख निराळे. १९९४ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांचा रोग भारतातील कोळंबी तळ्यांत शिरला. कवचावर पांढरे ठिपके दिसतात आणि आठवडा-दहा दिवसांत अख्खे तळे रिकामे होऊ शकते. हा विषाणूचा रोग आहे. विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत, हे सर्दीच्या रुग्णांना मी रोज सांगतो. कोळंबीलाही तोच नियम. हा विषाणू माणसाला बाधत नाही, पण शेतकऱ्याला कर्जात बुडवतो.

यावर औषध नाही, फक्त राखण आहे. बीज पीसीआर तपासणी केलेलेच घ्यावे. खेकडे हा विषाणू वाहून आणतात, म्हणून बांधाभोवती जाळीचे कुंपण करावे. मेलेली कोळंबी पक्षी उचलून शेजारच्या तळ्यात टाकतात, म्हणून वर दोऱ्या ताणाव्यात. रोग आलाच तर तळ्याचे पाणी खाडीत सोडू नये. ते ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करून, काही दिवस कोंडून मगच सोडावे. घाईने दरवाजा उघडणारा स्वतःचे काहीच वाचवत नाही आणि शेजाऱ्याचेही घालवतो.

आपल्या ताटाशी संबंध

आरोग्याच्या सदरात हा विषय का, असे काहींना वाटेल. तळ्यात टाकलेले प्रतिजैविक सगळे माशाच्या पोटात जात नाही. बरेचसे पाण्यात आणि गाळात उतरते. तिथल्या जंतूंना त्याची सवय होते आणि उद्या तेच औषध माणसाच्या जखमेवर चालेनासे होऊ शकते. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित माणसाच्या अस्थिमज्जेतील रक्तनिर्मितीच थांबते. हे औषध आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधे यांना मत्स्यशेतीत बंदी आहे.

औषधांवाचून भागते का? नॉर्वेतील सामन माशांच्या शेतीत १९८७ साली जवळजवळ ५० टन प्रतिजैविके वापरली गेली. पुढे तेथे माशांना लसी टोचू लागले. दहा वर्षांच्या आत हा वापर एक-दोन टनांच्या आसपास आला आणि उत्पादन मात्र कितीतरी वाढले. कटला-रोहूच्या आपल्या गावतळ्यांत लस टोचण्याची सोय नाही, पण स्वच्छता आणि बेताचे खाणे आपल्या हातात आहे.

तळेवाल्यांनी एवढे करावे

१. उन्हाळ्यात तळे सुकवून गाळ काढावा. मातीचा सामू पाहून गुंठ्याला साधारण २ ते ३ किलो चुना द्यावा.

२. गुंठ्याला ५० ते ६० बोटुकलीच सोडावी. गर्दीत रोग माणसांतही पसरतो.

३. बीजाची पिशवी १५ ते २० मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी. सोडण्याआधी बोटुकली एक-दोन मिनिटे मिठाच्या पाण्यात (लिटरला २० ग्रॅम) बुडवावी. कलंडू लागली तर लगेच काढावी.

४. पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवून पाहावा. कोपर बुडण्याआधीच तळवा दिसेनासा झाला तर शेण आणि पेंड थांबवावी.

५. ढगाळ दिवशी खाणे कमी करावे आणि पहाटे तळ्यावर एक फेरी मारावी.

६. मेलेले मासे वाटू नयेत, खाऊ नयेत. चुना टाकून पुरावेत.

७. औषधाचा विचार शेवटी आणि तोही मत्स्य अधिकाऱ्यांना मासा दाखवून.

पायरीवर बसलेल्या त्या शेतकऱ्यांनी उरलेले मासे पावसाआधी विकले. नफा झाला नाही, पण बियाण्याचे आणि पेंडीचे पैसे सुटले. परवा ते पुन्हा दवाखान्यात आले होते, या वेळी स्वतःच्या खोकल्यासाठी. मी औषध लिहू लागलो तेव्हा हसून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आधी तीन प्रश्न विचारा की!"