जुलैची रोपं, जानेवारीची राखण

फेब्रुवारी सरत आला की जव्हारहून मोखाड्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या टेकड्यांवर काळे पट्टे दिसू लागतात. रात्री डोंगराच्या कडेने आगीची वाकडीतिकडी ओळ सरकत असते. हा आपल्याकडचा वणवा. कॅनडात किंवा कॅलिफोर्नियात झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारत जाणारी जी आग आपण टीव्हीवर बघतो, तशी ही नसते. ही जमिनीवरून सरपटते. वाळलेलं गवत आणि साग-ऐनाचा पाचोळा खात पुढे जाते. मोठ्या झाडाची साल तेवढी काळवंडते आणि पावसात ते पुन्हा हिरवं होतं. त्यामुळे रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, फारसं काही बिघडलं नाही. काय बिघडलं ते कळायला खाली वाकावं लागतं. गुडघ्याएवढी सगळी पिढी गेलेली असते. मोहाची, हिरड्याची, शिवणीची रोपटी आणि जमिनीवर पडलेलं बी, सगळं राख. दरवर्षी हेच होत राहिलं की रानात म्हातारी झाडं उरतात आणि त्यांच्या पाठीमागे कोणी नसतं.

अशाच एका जळलेल्या उतारावर आश्रमशाळेतली मुलं काम करताना मी पाहिली. जून अर्धा उलटला होता, शाळा नुकती उघडली होती आणि दोन-तीन चांगल्या सरी पडून गेल्या होत्या. मला वाटलं होतं, रोपांच्या पाट्या डोक्यावर घेऊन रांग निघेल. पण पहिले काही तास कोणी रोपाला हात लावला नाही. मुलांच्या हातात चुन्याचे डबे होते. दोघा-दोघांच्या जोड्या उतारावर आडव्या चालत होत्या आणि प्रत्येक काळ्या खुंटापाशी थांबत होत्या. एक मुलगा खाली बसला, नखाने साल खरवडली. वर काळं, त्याखाली तपकिरी, त्याखाली हिरव्या रंगाची बारीक रेघ. "जिता आहे, सर," तो ओरडला आणि त्याच्या जोडीदाराने शेजारच्या दगडावर चुन्याचं बोट ओढलं. पुढचा खुंट सागाचा. त्याच्या बुंध्यातून लालसर, तळहाताएवढ्या पानांचे पाच-सहा फुटवे वर आले होते. मुलीने कोयत्याने त्यातले किरकोळ छाटले, सरळ वाढणारे दोन ठेवले आणि ती पुढे गेली.

या पाहणीला मी या कामातला सगळ्यात मोलाचा भाग मानतो. साग, ऐन, पळस ही झाडं आगीत वरून मेली तरी खालून मरत नाहीत. त्यांची मुळं जमिनीत खोल गेलेली, जुनी असतात आणि अशा मुळावरचा फुटवा एका पावसाळ्यात जेवढा वाढतो, तेवढं पिशवीतलं रोप दोन-तीन वर्षांत वाढत नाही. तो फुटवा उपटून तिथे नवा खड्डा खणणं म्हणजे असलेलं झाड मारून नसलेलं लावणं. पण लागवडीचा आकडा गाठायचा असला की नेमकं हेच घडतं, कारण राखलेला फुटवा कुठल्या तक्त्यात भरता येत नाही. 2016 च्या 1 जुलैला महाराष्ट्राने एका दिवसात 2 कोटी झाडं लावायचा संकल्प केला, 2017 मध्ये 4 कोटींचा, 2018 मध्ये 13 कोटींचा आणि 2019 मध्ये 33 कोटींचा. त्या काळात शाळाशाळांतून लाखो मुलांच्या हाताला माती लागली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या मोहिमांनी आपल्या मनात एक समज पक्का करून टाकला की झाड लावणं हे जुलैतल्या एका दिवसाचं काम आहे.

दगडांवर चुन्याचं बोट नसलेल्या जागा उरल्या, तिथल्याच खड्ड्यांत रोपं जाणार होती. ते मे महिन्यात पाड्यावरच्या माणसांनी आणि सुट्टीत घरी आलेल्या मुलांनी खणून ठेवले होते. वीतभर मातीखाली इथे मुरूम नाहीतर कातळ लागतो, पहारेशिवाय खड्डा होत नाही. खणताना वरची काळी माती चढाच्या बाजूला आणि खालचा मुरूम उताराच्या बाजूला टाकायचा. मग पहिल्या पावसात काळी माती आपसूक खड्ड्यात उतरते आणि मुरमाचा छोटा बांध पाणी अडवतो. जव्हार-मोखाड्यात पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये मोखाड्याच्या कितीतरी पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. ज्या उतारावर वणवा फिरला, तिथे पाणी धरून ठेवायला गवत-पाचोळा नसतो. पहिल्याच सरीबरोबर राख आणि माती ओढ्याला लागते. विहिरीवर हंड्यांची रांग लावणाऱ्या मुलींना हे कोणी शिकवावं लागत नाही.

लावणी बघताना मी एका नववीतल्या मुलीच्या मागेमागे राहिलो. तिच्याकडे आवळ्याची रोपं होती. पिशवी ओढून काढायची नाही. ब्लेडने कडेने उभी चिरायची. तळाशी मुळं गोल वेटोळं घालून बसलेली असतील तर तेवढा पाव इंच कापून टाकायचा, नाहीतर मुळं खड्ड्यातही तशीच गोल फिरत राहतात आणि चार-पाच वर्षांनी झाड वाऱ्यात कोसळतं. मातीचा गोळा न फुटता खड्ड्यात, खोडाचा गळा जमिनीच्या बरोबरीने, मग माती लोटून चारी बाजूंनी टाचेने दाबायची. शेवटी तिने रोपाला दोन बोटांत धरून हलकंसं वर ओढून पाहिलं. हललं नाही. पिशवी मात्र तिने टाकली नाही, कमरेला बांधलेल्या गोणपाटात खोचली. तिच्या मागच्या रांगेतली मुलं खैर आणि करंज लावत होती, काही मुलं नुसतं मोहाचं बी पेरत होती. मोहाचं बी साठवून चालत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर ते झाडाखाली मिळतं आणि ताजं असतानाच मातीत जावं लागतं. जंगलाचं आणि शाळेचं वेळापत्रक इथे चांगलं जुळतं.

जुळत नाही ते दिवाळीनंतर.

भातकापणी, नाचणी-वरईची झोडणी उरकली की इथल्या पाड्यांवरची घरं बंद होऊ लागतात. नवरा-बायको लहान पोरं कडेवर घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, कोणी भिवंडीकडे, कोणी वसईकडे. मागे उरतात म्हातारी माणसं आणि आश्रमशाळेत राहणारी मुलं. आणि घरं अशी रिकामी असतानाच आगीचा मोसम सुरू होतो. वनखातं 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ धरतं. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीची ठिकाणं टिपून वनखात्याच्या माणसांच्या मोबाइलवर संदेश पाठवतं, ही सोय उपयोगाचीच आहे. पण संदेश आल्यावर डोंगर चढायला माणूस लागतो, आणि वणव्याच्या दिवसांत पाड्यावर हात नसतात. जुलैत लावलेलं रोप फेब्रुवारीत जळतं, याचं मूळ स्थलांतरातही आहे. ते सोडून नुसती लोकांना नावं ठेवली जातात, याचा मला राग येतो.

आग लागते कशाने? मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तो पसरतो. नवं गवत लवकर फुटावं म्हणून, शिकारीसाठी, कधी फेकलेल्या विडीने. राबाच्या, म्हणजे भाताची रोपं वाढवायला जमीन भाजण्याच्या, नावानेही बोटं मोडली जातात. राब भाजताना मात्र मी नीट पाहिलं आहे. शेण, डहाळ्या, पालापाचोळा, गवत असे थर रचून वर बारीक माती पसरतात आणि वारा जिकडे वाहतो त्या टोकाकडून पेटवतात, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते आणि खालची माती पुरेशी भाजते. आधी भोवतालची जागा साफ केलेली असते. आगीला किती खायला द्यायचं आणि कुठे उपाशी ठेवायचं, हे या घरांमधल्या आजोबा-आजींना ठाऊक आहे. शाळेने ते ज्ञान वापरायला हवं.

त्या शाळेने वापरलं. जानेवारीत मी पुन्हा गेलो तेव्हा तीच मुलं त्याच उताराच्या कडेने गवत कापत होती. तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा, माथ्यापासून ओढ्यापर्यंत. हीच आग अडवणारी जाळरेषा. मोठी मुलं विळ्याने गवत कापत, धाकटी डहाळ्यांचे झाडू करून पाचोळा पट्ट्याबाहेर लोटत. पाड्यावरचे एक आजोबा पट्ट्याच्या मधोमध उभे राहून नुसती बोटाने जागा दाखवत होते: इथे वारा वळतो, इथे पट्टा रुंद करा. उरलेली धसकटं मोठ्या माणसांनी भल्या पहाटे, दंव असताना, हातात ओले डहाळे घेऊन जाळली. तेव्हा मुलांना जवळ येऊ दिलं नाही, आणि ते योग्यच होतं. पेटलेल्या वणव्यावर मुलांना कधीही पाठवू नये. आग यायच्या आधीचं काम त्यांचं आहे.

आणखी एक बारीक काम चाललं होतं, ते मी आधी कुठे पाहिलं नव्हतं. ऑगस्टमध्ये निंदणी करून तेच गवत मुलांनी रोपांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरलं होतं. पाऊस संपल्यावर त्याने ओल धरून ठेवली. आता जानेवारीत तेच गवत सरपण झालं होतं. एकेका रोपापाशी बसून मुली ते हाताने ओढून लांब टाकत होत्या आणि हातभर त्रिज्येची माती उघडी करत होत्या. काही रोपं वाळली होती, काही गुरांनी खाल्ली होती. पण चुन्याच्या खुणेचे फुटवे बहुतेक माझ्या कमरेच्या वर गेले होते.

कॅनडात ब्रिटिश कोलंबियासारख्या प्रांतात दर उन्हाळ्यात विद्यापीठांतले विद्यार्थी तोडलेल्या आणि जळलेल्या रानांत रोपं लावायला जातात, रोपामागे मजुरी घेतात आणि त्यातून फी भरतात. 2023 मध्ये संपूर्ण कॅनडात मिळून दीड कोटी हेक्टरांहून जास्त रान जळलं. शेंड्यांतून जाणारी आग झाडं मुळापासून मारते, तेव्हा तिथे लागवडीला मोठं स्थान आहे. आपल्या डोंगरांना त्याहून जास्त गरज राखणीची आहे, आणि तिलाही मजुरी हवी. जाळरेषेचं काम रोजगार हमीतून डिसेंबर-जानेवारीत वेळेवर निघालं, तर काही घरं तरी भट्टीवर जायची थांबतील आणि डोंगरावर मोठी माणसं असतील.

जव्हार आणि मोखाडा हे पूर्ण अनुसूचित क्षेत्रातले तालुके. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या सामूहिक वनाचं रक्षण आणि संवर्धन करायचा हक्क दिला आहे. तो मिळवण्यासाठी इथे वयम् चळवळीसारख्या संघटनांनी गावागावांत काम केलं. ज्या रानावर गावाचा हक्क कागदावर आला, तिथे काय लावायचं हे गाव ठरवतं, आणि गाव मोह, आवळा, बांबू, आंबा मागतं. ज्या झाडाचं फूल-फळ आपल्या घरात येणार, त्याच्याखाली काडी टाकताना माणूस विचार करतो.

मुंबई-ठाणे-नाशिकच्या महाविद्यालयांतून दर पावसाळ्यात बसगाड्या भरून विद्यार्थी इकडे झाडं लावायला येतात. त्यांच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचं तुमचं सात दिवसांचं शिबिर बहुधा हिवाळ्यातच असतं. ते डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात इथल्या एखाद्या पाड्यावर घ्या, आधी ग्रामसभेला पत्र लिहून विचारा आणि गावातली जाणती माणसं दाखवतील तिथे जाळरेषा काढा. जुलैत लावलेली रोपं तुम्हाला तिथेच भेटतील.