एकच पांघरूण

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात एका बँकेच्या शाखेत होतो. एक विधवा बाई म्हशीसाठी कर्ज मागायला आली. जमीन नाही, सही नाही. जामीन कोण, असं विचारल्यावर सोबतची मावशी पुढे झाली. "म्या हाय की." ही मावशी हद्दीपलीकडच्या जामखेड तालुक्यातली, तिच्या गावची आरोग्यसेविका. तिच्याही नावावर काही नव्हतं. मी अर्ज बाजूला ठेवला. मावशी चिडली नाही. "सायेब, मला सही यायच्या आधी आरोळे डाक्टरांनी औषधाची पेटी हातात दिली व्हती," एवढंच म्हणाली.

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पत तपासणं हाच माझा धंदा होता, आणि पन्नास किलोमीटरच्या आत कुणीतरी ती अगदी वेगळ्या मापाने मोजत होतं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलं. वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काम करताना त्यांच्या ध्यानात आलं, की बरा करून पाठवलेला रोगी त्याच आजाराने पुन्हा येतो. आजार गावात राहतो. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून १९७० साली ते जामखेडला आले. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्स खेड्यांत पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. मग गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवायचं ठरलं. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित.

या बायका शिकायला जामखेडला येत तेव्हा खरा पेच औषधांचा नव्हताच. मराठ्याची बाई महाराच्या बाईशेजारी जेवणार कशी, झोपणार कशी? आरोळ्यांनी भाषण दिलं नाही. रात्री सगळ्यांना मिळून एकच मोठं पांघरूण दिलं. थंडीत जात किती वेळ जागी राहणार! १९७२ च्या दुष्काळात गावोगाव बोअर घेतले तेव्हा जागा दलित वस्तीत निघेल असं पाहिलं. पाणी हवं तर हंडा घेऊन तिकडे जा. लोक गेले.

नगर जिल्ह्यातला ख्रिस्ती समाज बहुतांशी महार-मांगांतून आलेला. अमेरिकन मराठी मिशनचं तिथलं काम १८३१ पासूनचं. जात चर्चच्या बाकांवरही बसते, हे त्या समाजातली माणसंच सांगतात. म्हणूनच एका ताटाचं, एका पाण्याचं मोल त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नसावं. आरोळ्यांची श्रद्धा लपलेली नव्हती. पण सेविका आपापले देव घेऊन आल्या आणि आपापले देव घेऊन घरी गेल्या. कुष्ठरोग्याला त्यांनी वेगळ्या आवारात ठेवलं नाही, इतर रोग्यांतच ठेवलं. प्रवचन म्हणायचं तर हेच.

आकडेही पाहा, बँकेच्या माणसाला त्याशिवाय चैन पडत नाही. १९७१ साली त्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत. नव्वदच्या दशकापर्यंत तो आकडा कितीतरी खाली आला. १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली मुक्ताबाई पोळ ही सेविका अमेरिकेत जगभरच्या तज्ज्ञांपुढे बोलून आली. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली.

आणि हद्दीच्या अलीकडे? बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या किती काढल्या, हे पाहायला २०१९ साली सरकारला समिती नेमावी लागली. आकडा तेरा हजारांवर गेला. खाडा झाला की मुकादम दंड कापतो. पिशवीच नको, असं बायकांना वाटू लागलं. डॉक्टर होते, इस्पितळं होती. फडातल्या कोपीत जाऊन 'बाई, थांब' म्हणणारी, तिच्यातलीच कुणी मावशी नव्हती.

माझ्या शाखेतली ती बाई वर्षभराने पुन्हा आली. म्हैस घेतली होती, मावशीच्या महिला मंडळाने पैसे दिले होते. दुधाचे साठलेले पैसे ठेवायला तिला बचत खातं हवं होतं. मी उघडून दिलं.