माणूस उचलायचा कुणाच्या पाठीवर?

नगरच्या न्यायालयाच्या आवारात एक बाई प्रतिज्ञापत्रावर सही करायला आली होती. बाकड्यावर बस म्हटले तर बसेना. उभ्यानेच, पिंपळाच्या पाराला टेकून तिने सही केली. विचारले तर म्हणाली, "वकीलदादा, एकदा बसले की उठता येत नाही. कंबर धरलीय." वय अवघे अठ्ठावीस.

तिचा नवरा पाथर्डी तालुक्यातला ऊसतोड कामगार. उसाच्या ट्रॉलीला मागून ट्रकने धडक दिली, तो खाली फेकला गेला आणि मणक्याला मार बसला. कमरेखालचे अंग गेले. आता खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, संडासला, पुन्हा खाटेवर असे दिवसातून किमान आठ वेळा त्याला उचलावे लागते. एकीने काखेत हात घालायचे, दुसरीने गुडघ्याखाली. एकी म्हणजे बायको, दुसरी म्हणजे साठीची सासू. माणसाचे वजन ६४ किलो. आठ वेळा म्हणजे पाच क्विंटलच्या वर. दोन बायकांत वाटून घेतले तरी रोज अडीच क्विंटल एकीच्या वाट्याला, आणि तेही वाकून, पीळ देऊन.

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. साखरेचे पोते पूर्वी १०० किलोचे असायचे, ते ५० किलोचे झाले, कारण हमालाची पाठ मोडते हे हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे भांडून पटवून दिले. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३४ मध्येच तत्त्व होते की इजा होईल इतके ओझे कुणाकडून उचलून घ्यायचे नाही. पोत्याचा हिशेब झाला. माणूस उचलणाऱ्या माणसाचा हिशेब कुणी मांडला?

मांडला गेला आहे, पण आपल्याकडे नाही. अमेरिकेत २००७ साली थॉमस वॉटर्स या संशोधकाने आकडा सांगितला : रुग्णाला हाताने उचलताना एका माणसाच्या वाट्याला ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलोपेक्षा जास्त भार येऊ नये. हा भारही परिस्थिती अनुकूल असेल तरच. पोत्याहून रुग्णाची मर्यादा कमी का? कारण पोते हलत नाही, त्याला दुखत नाही, त्याचा पाय अचानक आखडत नाही आणि त्याला छातीशी घट्ट धरून उचलता येते. रुग्ण अंगापासून लांब असतो, खाटेवर ओणवे होऊन त्याला ओढावे लागते. १६ किलोच्या मापाने ६४ किलोच्या माणसाला चार जण लागतात. पाथर्डीच्या त्या घरात दोन बायका आहेत.

रुग्णालयात तरी काय वेगळे आहे? डॉक्टर राऊंड घेऊन जातात, परिचारिका इंजेक्शन देतात, आणि रुग्ण स्ट्रेचरवरून खाटेवर टाकायचा म्हटले की हाक जाते वॉर्डबॉयला, नाहीतर मावशीला. हे बहुतेक कंत्राटावरचे असतात, आणि ते कोणत्या वस्तीतून येतात हे या पानाच्या वाचकाला मी सांगायला नको. "एक, दोन, तीन" म्हणून चादरीसकट उचलतात. कंबर गेली की कंत्राटदार दुसरा माणूस आणतो. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे बिल आणले, तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की ज्या कामाला वेळ नाही, मोजमाप नाही आणि मोबदल्याचा ठिकाणा नाही, ते काम नव्हे, ती वेठ आहे. घरातल्या बाईचे उचलणे या व्याख्येत तंतोतंत बसते.

यावर यंत्र आहे. छताला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा रूळ बसवतात, त्यावर बॅटरीवर चालणारी मोटार सरकते, मोटारीतून मजबूत पट्टा खाली येतो, पट्ट्याच्या टोकाला आडवी दांडी आणि दांडीला कापडी झोळी. झोळी हा शब्द आपल्या लोकांना वेगळा समजावून सांगायला नको. रस्ता नसलेल्या वाडीतून आजही आजाऱ्याला झोळीतच आणतात. फरक इतकाच की इथे झोळीचा भार छत घेते, खांदा घेत नाही. जमिनीवर चाकांवर ढकलायची लिफ्ट याच्या आधीची. अमेरिकेत ती बनवणारा टेड हॉयर स्वतः तरुणपणीच मोटार अपघातात लुळा झालेला होता. ज्याला उचलले जाते त्यालाच उचलण्याचे दुःख नीट कळलेले असते.

पुण्यात एका ठिकाणी मी ही छतावरची लिफ्ट पाहिली आणि फिजिओथेरपिस्टकडून पद्धत समजून घेतली. यंत्र असले म्हणजे सुरक्षा आली असे नाही. चुकीने वापरले तर ते माणसाला पाडते.

पहिली गोष्ट, ज्याला उचलायचे त्याला आधी सांगायचे आणि विचारायचे. मग यंत्राकडे पाहायचे. बॅटरी भरलेली आहे का, मध्येच बंद पडले तर खाली उतरवायची लाल दोरी कुठे आहे, किती किलोची क्षमता लिहिली आहे. मोटारीवर एक आकडा असतो, दांडीवर एक, झोळीवर एक. तिघांतला सगळ्यात लहान आकडा खरा मानायचा. झोळीची शिवण उसवलेली असेल, पट्टा विरलेला असेल किंवा लेबल वाचता येत नसेल तर ती झोळी बाजूला टाकायची. घरी दोऱ्याने टाका मारून वापरायची नाही. मोठ्या झोळीतून माणूस खालून घसरतो, लहान झोळी मांड्या कापते. म्हणून माप त्या माणसाचेच हवे. ज्याची मान उभी राहत नाही त्याला डोक्याला आधार असलेली झोळी लागते.

मग त्याला एका कुशीवर वळवून झोळी पाठीखाली सरकवायची. मधली शिवण कण्याच्या रेषेत, खालची कड माकडहाडापाशी. पायाच्या पट्ट्या मांड्यांखालून सपाट घ्यायच्या, सुरकुती राहू द्यायची नाही, कारण त्याला टोचलेले कळत नाही आणि तिथेच जखम होते. सर्वसाधारण झोळीत या पट्ट्या मांड्यांच्या मधोमध एकमेकींतून ओलांडून मग दांडीला अडकवतात. लघवीची नळी आणि पिशवी कुठे अडकत नाही ना, हे याच वेळी पाहायचे. पट्ट्यांना रंगीत फासे असतात. डावीकडे जो रंग, तोच उजवीकडे. रंग चुकला की माणूस तिरपा होतो. खांद्याचे फासे आखूड आणि पायाचे लांब घेतले की तो बसता होतो, उलट केले तर आडवा होतो.

खुर्चीचे ब्रेक लावलेले हवेत. आता बटण दाबायचे, पण पट्टे ताणले की थांबायचे. चारही फासे आकड्यात नीट बसलेत का, हे डोळ्यांनी पाहून आणि हाताने चाचपून घ्यायचे. मग खाटेपासून चार बोटे उचलायचे आणि पुन्हा थांबायचे. माझ्या मते सगळी सुरक्षा या दोन थांबण्यांत आहे. फासा निसटायचा असेल तर इथे निसटावा, खाली गादी असते. त्यानंतर गरजेपुतेच उंच ठेवून रुळावरून सरकवायचे, एक हात झोळीवर ठेवायचा, पाय धरून ओढायचे नाही. फोन वाजला, दूध उतू गेले, काहीही झाले तरी लटकता माणूस सोडून जायचे नाही. खुर्चीत उतरवताना झोळीच्या पाठीमागची मूठ ओढून कंबर खुर्चीच्या पाठीला टेकेल असे बसवायचे. सगळे वजन खुर्चीवर आल्याशिवाय एकही फासा काढायचा नाही. काढताना ती आडवी दांडी कपाळावर आदळते, म्हणून एका हाताने ती धरून ठेवायची. हात बसेपर्यंत दोघांनी मिळून करावे. झोळी बसून राहण्यासाठी बनवलेली नसेल तर नंतर ती काढून घ्यायची आणि कातडी पाहायची.

आता आपल्या घरांचे बोलू. रमाई आवासच्या घरकुलाला स्लॅब असेल तर गोष्ट वेगळी, तरीही अभियंत्याने पाहिल्याशिवाय त्यात बोल्ट मारायचा नाही. पण वरती पत्रे असतील तर त्याच्या लोखंडी अँगलला किंवा लाकडी आढ्याला माणूस टांगायचा नाही. हे मी कळकळीने लिहितो, कारण गावात हुशार लोक असतात. विहिरीच्या यारीची, गॅरेजमधल्या चेनपुलीची कल्पना त्यांना लगेच सुचते. पाथर्डीच्या त्या घरीही एका मेव्हण्याने पुली आणली होती. ती इंजिन उचलायची पुली, माणूस उचलण्यासाठी तिची रचनाच नाही. यारीचा दोर तुटला की काय होते हे आपल्या विहिरी खोदणाऱ्यांना विचारा. पत्र्याच्या घरासाठी जमिनीवर पाय असलेली चौकट मिळते, तिच्यावरच रूळ असतो, छताला हात लावावा लागत नाही. तेही शक्य नसेल तर हाताच्या पंपाची चाकाची लिफ्ट. तीही नसेल तर निदान गुळगुळीत लाकडी पाट खाटेपासून खुर्चीपर्यंत टाकून सरकवण्याची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून शिकावी. तीही शिकावीच लागते, कारण नुसते फरफटत नेले तर कातडी सोलते आणि तिथे पाठीचे व्रण सुरू होतात.

"आमच्या अडाणी बायकांना असले यंत्र काय जमणार?" असे एका सुशिक्षित गृहस्थांनी मला विचारले. त्यांना मी आपल्याच जिल्ह्यातले जामखेड दाखवले. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि खेड्यातल्या बायकांना, त्यांत दलित आणि निरक्षर बायका कितीतरी, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांनी बाळंतपणे केली, रक्तदाब तपासला, गावाचे आजार कमी केले. त्यांना चार फाशांचे रंग जुळवता येणार नाहीत?

दुसरा आक्षेप घरातूनच येतो. सासू म्हणाली, "पोराला पोत्यावानी लटकवायचं?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, तो इंग्लंडच्या न्यायालयातही गेला होता. ईस्ट ससेक्स परगण्याच्या कौन्सिलने आपल्या कर्मचाऱ्यांनी रुग्णाला हाताने मुळीच उचलायचे नाही असे धोरण धरले, आणि दोन तीव्र अपंग बहिणींच्या बाजूने आई-बाप न्यायालयात गेले. २००३ साली न्यायमूर्ती मन्बी यांनी सांगितले की अशी सरसकट बंदी बेकायदा आहे. उचलल्या जाणाऱ्याची प्रतिष्ठा आणि उचलणाऱ्याची सुरक्षितता या दोन्ही तराजूत घालाव्या लागतात. त्याच निकालात त्यांनी हेही म्हटले की यंत्राने उचलणे हे मुळात अप्रतिष्ठेचे नाही. मला हा निकाल मोलाचा वाटतो, कारण त्यात दोन्ही माणसे दिसतात. आपल्याकडे सेवेचे गोडवे गाताना दुसरे माणूस नेहमी अदृश्य होते.

आपला कायदा तरी रिकामा आहे का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्या आहे, आणि त्यात पगार न घेणारे घरचे लोकही येतात. कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे, कलम ३८ मध्ये असा आधार मागणारा अर्ज करण्याचा हक्क आहे. मेख कलम २४ मध्येच आहे : शासनाने हे आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत करायचे. ती मर्यादा आपल्या दारी आली की फारच लवकर संपते. जखमी जवानासाठी १९७४ पासून खडकीला पॅराप्लेजिक केंद्र आहे, आणि असायलाच हवे. उसाच्या ट्रॉलीवरून पडणाऱ्यासाठी कुठले? ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उभे राहून त्याचा हिशेब मागा, आणि गावासाठी चाकाच्या एका लिफ्टची मागणी नोंदवा.

अपघाताच्या दाव्यात मात्र वाट बरीच मोकळी आहे. काजल विरुद्ध जगदीश चंद या खटल्यात ट्रॅक्टरवरून जाताना ट्रकच्या धडकेने जखमी झालेली बारा वर्षांची मुलगी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दोन मदतनीस धरले, महिना १०,००० रुपये खर्च मानला आणि १८ चा गुणक लावून या एकाच बाबीखाली २१ लाख ६० हजार रुपये दिले. पुढच्याच वर्षी कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात गृहिणीच्या कामाला पैशांत मोल आहे हे त्याच न्यायालयाने पुन्हा ठासून सांगितले. तरीही आमच्या दाव्यात विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलेच, "घरात बायको आहे, आई आहे, मग मदतनीस कशाला?" मी तिला म्हटले, बाई, न्यायाधीशसाहेबांना एवढेच सांग की दिवसातून किती वेळा उचलतेस. तिने सांगितले. मग त्यांनी प्रश्न पुढे वाढवला नाही.

आमच्या वकील मित्रांना एक विनंती. दाव्यात मदतनिसाचा खर्च मागता, औषधांचा मागता, तसा उचलण्याच्या साधनांचा खर्च वेगळ्या बाबीखाली मागा. चौकट, मोटार, झोळी, बॅटरी बदलण्याचा खर्च, दर सहा महिन्यांनी तपासणी. इंग्लंडात माणसे उचलणारे यंत्र दर सहा महिन्यांनी तपासण्याचा १९९८ चा नियम आहे, तो समोर ठेवा. फिजिओथेरपिस्टला साक्षीला बोलवा, आणि उचलणाऱ्या बाईच्या कमरेचा एमआरआय दाखल करा. ती दाव्यात पक्षकार नाही असे समोरून म्हणतील, म्हणू द्या. मदतनीस का लागतो याचा तो पुरावा आहे.

आमची पुढची तारीख पडली आहे. चौकटीचे कोटेशन जोडले आहे. अर्जात एक झोळी लिहिली होती, ती खोडून तिने दोन करायला लावल्या. एक धुवायला पडली तर त्या दिवशी काय करायचे, असे तिने विचारले, आणि ते माझ्या लक्षात आले नव्हते.