साठ दिवसांनंतरची आई

मूल सांभाळणं शक्य नाही म्हणून ते दत्तकासाठी सोपवणाऱ्या आईला बाल कल्याण समितीपुढे समर्पणपत्रावर सही करावी लागते. लग्नातलं मूल असेल तर नवरा-बायको दोघांची सही लागते, अविवाहित आईची एकटीची चालते. सही केली म्हणजे लगेच सगळं संपलं असं नाही. फेरविचाराला साठ दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत ती मूल परत मागू शकते.

मूल परत मागायचा हक्क या साठ दिवसांपुरताच आहे. मुदत उलटली की समिती मूल दत्तकासाठी कायद्याने मुक्त असल्याचं जाहीर करते. पुढे दत्तकाचा आदेश निघतो. २०२२ पर्यंत तो न्यायालय देत असे, आता जिल्हाधिकारी देतात. त्या दिवसापासून २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ६३ जन्मकुटुंबाशी असलेले सगळे संबंध तोडतं. घटस्फोटात कोर्ट मुलाला भेटू देतं, तसं इथंही असेल असा पुष्कळांचा समज असतो. पण घटस्फोटानंतरही बाप बापच असतो. दत्तकानंतर जन्मदाती कायद्याच्या लेखी आई राहत नाही. फोटो, पत्र, नुसती खुशाली, काहीच तिला हक्कानं मागता येत नाही.

शोध घेता येतो तो मुलाला. 'कारा' या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या २०२२च्या नियमांत 'रूट सर्च'ची, म्हणजे जन्मकुटुंबाच्या शोधाची, तरतूद आहे. अठरा वर्षांचं झालेलं मूल स्वतः अर्ज करू शकतं, त्याआधी दत्तक आईवडिलांसोबत. तिसऱ्याला तो शोध घेता येत नाही. सही करताना आईनं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तिची लेखी संमती लागते. म्हणजे नकार द्यायचा हक्क तिला आहे, विचारायचा नाही.

ही गुप्तता उगाच आलेली नाही. गावात, भावकीत बातमी फुटली तर अविवाहित आईचं काय होतं हे सांगायला नको. पण एकोणिसाव्या वर्षी मागितलेली गुप्तता पंचेचाळिसाव्या वर्षीही तिला हवी असेलच असं कशावरून? पुढे घराण्यातला एखादा आजार कळला, तर त्याची माहिती मुलापर्यंत पोचवायची नीट वाट नियमांत नाही. इंग्लंडमध्ये सज्ञान झालेल्या दत्तक मुलापर्यंत जन्माच्या नातेवाइकांना मध्यस्थ संस्थेमार्फत निरोप धाडता येतो. मुलानं होकार दिला तरच ओळख उघड होते.

आपल्याकडे नात्यातल्या दत्तकाची तऱ्हा निराळी. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यानं धाकट्या जावेचं मूल थोरलीच्या मांडीवर जातं, जन्मदातीला काकू म्हणत वाढतं आणि दिवाळीला सगळे एकाच पंगतीला बसतात. कलम १२ इथंही नाती तोडतं, मात्र जन्मघरातल्या ज्या नात्यांत लग्न निषिद्ध होतं, ती बंधनं तशीच ठेवतं. भेटीगाठी चालतात त्या घरच्यांच्या मनमोकळेपणावर. उद्या शेतीवरून भांडण झालं आणि थोरलीनं दार लावलं, तर या काकूकडे कायद्याचा कागद नाही. कलम १५मुळे एकदा रीतसर झालेलं दत्तक रद्दही होत नाही.

सोपवलेल्या मुलांपुरतं तरी एक करता येईल. आईला आपला पत्ता, प्रकृतीची माहिती आणि गुप्ततेबाबत बदललेलं मत दत्तक संस्थेच्या फायलीत कधीही नोंदवता यावं. त्यासाठी संसदेत जायची गरज नसावी, 'कारा'चे नियम याआधीही बदलले आहेत.