लंडनची तळघरं आणि शिशाच्या पेट्या

‘कॅटाकोम्ब’ म्हटलं की डोळ्यांसमोर पॅरिस येतं, कवट्या रचून उभ्या केलेल्या भिंती. लंडनच्या व्हिक्टोरियन दफनभूमींखालची तळघरंही तशीच असणार, असं बरेच जण धरून चालतात. पॅरिसमध्ये १७८६ पासून जुन्या दफनभूमींतली हाडं उकरून दगडाच्या रिकाम्या खाणींत नेली, तिथे कोण कुणाचं हे ओळखणं अशक्य. लंडनमध्ये मात्र कप्पा विकत घ्यावा लागे, आणि माणूस आपल्या नावानिशी, आपल्याच पेटीत राही.

जागा अपुरी पडली म्हणून मृतांना तळघरात ठेवू लागले, हा दुसरा समज. शहरातली चर्चची अंगणं तुडुंब भरली होती हे खरं, पण त्यावर उपाय म्हणून १८३३ मध्ये खुली झालेली केन्सल ग्रीनची दफनभूमी पन्नास एकरांहून मोठी होती. मातीला तोटा नव्हता. ती चालवणारी खाजगी कंपनी मातीपेक्षा महाग जागा म्हणून तळघर विकत होती. ज्यांना परवडे ते सगळेच ती घेत होते असंही नाही. रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ ठाकूर १८४६ मध्ये लंडनला वारले. त्यांच्या श्रीमंतीला काय कमी होतं? पण केन्सल ग्रीनलाच ते मातीत विसावले आहेत.

आता खुद्द बांधणीकडे वळू. केन्सल ग्रीनच्या अँग्लिकन चॅपलखाली विटांच्या कमानींचं तळघर आहे आणि त्यात सुमारे चार हजार पेट्यांची सोय आहे. बोळाच्या दोन्ही बाजूंना घरातल्या फडताळासारखे खणावर खण. काहींच्या तोंडाशी लोखंडी जाळी, काहींना दगडी पाटी. प्रार्थना संपली की शवपेटी चॅपलच्या मधोमध असलेल्या चौथऱ्यावरूनच खाली उतरे. तो चौथरा पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने जमिनीत अलगद बुडत जाई. जिन्यावरून खांदेकऱ्यांची फरफट नाही, पेटी कलंडायची भीती नाही. मला या सगळ्या वास्तूत हा भाग सर्वांत माणुसकीचा वाटतो. शोक करणाऱ्यांपुढे धक्काबुक्की होऊ नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

मग दुर्गंधीचं काय? उघड्या जाळीमागे प्रेतं, म्हणजे रोगराई आलीच, असं आपल्याला वाटतं. पण हवाबंद असायची ती पेटी, खोली नव्हे. आत लाकडी पेटी, तिच्यावर सांधे झाळून बंद केलेलं शिशाचं कवच, त्यावर पुन्हा लाकूड. बाहेरून मखमल आणि ओळीने ठोकलेल्या पितळी चुका. कित्येक पेट्यांवरचं कापड आता विरून गेलंय, चुकांची नक्षी तेवढी जागच्या जागी आहे. अशी पेटी अतिशय जड होते, म्हणून खणही तितकेच भक्कम बांधावे लागत.

आणि कॅटाकोम्ब जमिनीखालीच असतं असंही नाही. लंडनच्याच हायगेट दफनभूमीत ते टेकडीच्या उतारात बसवलंय. दर्शनी भिंत उघड्यावर, माथ्यावर सपाट गच्ची, आणि गच्चीतल्या गोल झरोक्यांतून आत उजेड येतो. ब्रॉम्प्टनच्या दफनभूमीत मात्र खांबांच्या ओवऱ्यांखालीच कॅटाकोम्ब बांधली, लोखंडी दारांवर सापांची नक्षी केली. हजारो पेट्यांची जागा तयार केली, खपली जेमतेम पाचशेच्या आसपास. बाकीचे खण रिकामेच राहिले.