जमरातच्या पुलावरची गर्दी आणि कॉम्प्युटरमधले हाजी

आमच्या भागात हजला निघणाऱ्यांसाठी तरबियती कॅम्प भरतो. उर्दू-मराठी दोन्हीत सांगता येतं म्हणून मला तिथं बोलावणं असतं. गेल्या कॅम्पात मी सांगत होते, की मिनात रमीला, म्हणजे शैतानाला खडे मारायला, केव्हा निघायचं याची वेळ प्रत्येक गटाला ठरवून दिलेली असते, ती पाळा. मागच्या रांगेतले एक बुजुर्ग चाचा म्हणाले, "बाई, इबादतीला कसलं टाइमटेबल? ही काय तुमची शाळा आहे?" सगळे हसले, मीही हसले. पण उत्तर एका वाक्यात देण्यासारखं नव्हतं आणि तेवढ्यात एहरामचा विषय निघाला. ते राहिलेलं उत्तर इथं लिहिते.

मिनातल्या तीन जमरातवर १९६३ साली पूल बांधला गेला, तो एका वेळी दुप्पट माणसांना रमी करता यावी म्हणून. काही खालून मारणार, काही वरून. पण हाजींची संख्या लाखांवरून वीस लाखांवर गेली आणि पूल अपुरा पडत राहिला. १९९४ मध्ये तिथल्या चेंगराचेंगरीत २७० जण शहीद झाले, १९९८ मध्ये ११८, २००४ मध्ये २५१. प्रत्येक वेळी लोक म्हणायचे, कुणीतरी धक्का दिला, कुणीतरी पळालं.

२००४ नंतर एक मोठा बदल झाला. जमरातचे खांब गोलसर आणि अरुंद होते. सगळे एकाच बाजूनं येत, समोर थांबत, खडे मारत आणि त्याच गर्दीतून मागं फिरायला बघत. खांबांच्या जागी सुमारे २६ मीटर लांबीच्या भिंती उभारल्या. आता माणूस भिंतीच्या कडेनं चालत चालत खडे मारून पुढं निघून जाऊ शकत होता. जमरातपाशी मोकळीक झाली.

आणि १२ जानेवारी २००६ रोजी, म्हणजे १२ जिल्हज्जला, ३४६ हाजी गेले. या वेळी जमरातपाशी नाही, पुलावर चढण्याच्या पूर्वेकडच्या उतारापाशी. शेवटचा दिवस होता. जवालनंतर रमी करून सूर्यास्ताआधी मिना सोडायची म्हणून पुष्कळांनी सामान सोबत घेतलं होतं. कुणी सामानाला अडखळलं, मागचे येतच राहिले. गाठ एका ठिकाणी सोडवली तर ती मागं सरकली होती. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात सगळ्यात जास्त शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे.

या वेळी मात्र कॅमेरे लागलेले होते. गर्दीचं गणित मांडणारे शास्त्रज्ञ डर्क हेल्बिंग, त्यांचे सहकारी आणि सौदी अधिकारी हबीब झैन अल-आबिदीन यांनी ते चित्रण तपासलं आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. कुणी एक माणूस वेडापिसा होऊन पळाला, असं त्यात दिसलं नाही. आधी गर्दी नीट वाहत होती. मग दाटी वाढली तशी ती थांबत-चालत, थांबत-चालत पुढं जाऊ लागली, जशी हायवेवर गाड्यांची रांग. आणखी दाटी झाल्यावर लाटा उठल्या. माणसं स्वतः चालेनाशी झाली. लाट नेईल तिकडं, मागं, पुढं, आडवी ढकलली जाऊ लागली. काही जागी एका चौरस मीटरात दहा माणसं होती. एक चौरस मीटर म्हणजे आपल्या जानमाजपेक्षा थोडीशीच मोठी जागा. तिच्यावर दहा जण उभे आहेत अशी कल्पना करा. इतक्या दाटीत अंगाला अंग भिडलेलं असतं, त्यामुळं मागचा जोर पुढच्यांपर्यंत जसाच्या तसा पोचतो. अशा वेळी पुष्कळ जण पायदळी तुडवून मरत नाहीत. छाती फुलायला जागा नसते आणि श्वास कोंडतो. पुढं काय झालं ते मागच्यांना दिसत नाही, म्हणून ते चालत राहतात. त्यांचा दोष काय?

यालाच मॉडेल आणि सिम्युलेशन म्हणतात: खरी गोष्ट घडण्याआधी ती कागदावर, आता कॉम्प्युटरवर, घडवून पाहायची. धरण, विमान, वीजजाळं या सगळ्यांचं असं करतात. गर्दीचं मॉडेल हेल्बिंग आणि पीटर मोल्नार यांनी १९९५ मध्ये मांडलं, ते समजायला कठीण नाही. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. त्याला कुठंतरी पोचायचं असतं, ती एक ओढ. दुसऱ्याच्या फार जवळ जायचं नसतं, भिंतीला घासायचं नसतं, ते झाले दोन रेटे. कॉम्प्युटर सेकंदाच्या छोट्या छोट्या भागाला हजारो ठिपक्यांची बेरीज-वजाबाकी करून प्रत्येकाला थोडं पुढं सरकवतो. दार अरुंद करून बघा, भिंत लांब करून बघा, माणसं दुप्पट सोडा. इथं कुणी मरत नाही.

वर्गात मी हे राजम्याच्या दाण्यांनी दाखवते. नरसाळ्यात दाणे हळूहळू सोडले तर खाली पडत राहतात. एकदम ओतले तर तोंडाशी कमान धरतात आणि एकही दाणा पडत नाही. मुलं नरसाळं हलवतात, वरून दाबतात. दाबल्यानं कमान आणखी घट्ट होते. हेल्बिंग यांच्या गटानं २००० मध्ये कॉम्प्युटरवर हेच दाखवलं होतं: दारातून बाहेर पडायची घाई जितकी जास्त, तितका वेळ जास्त लागतो.

२००६ नंतर जुना पूल पाडून नवा बांधला. सुमारे ९५० मीटर लांब, ८० मीटर रुंद, तळमजला आणि वर चार मजले, तासाला तीन लाख माणसांची क्षमता. तंबूंच्या ज्या भागातून लोक येतात त्यांना त्याच बाजूच्या मजल्यावर चढता यावं, परतीची वाट वेगळी असावी, समोरासमोर गाठ पडू नये, अशी मांडणी. पण एवढ्यानं भागत नाही. सगळे एकाच तासात आले तर पाच मजलेही नरसाळंच. म्हणून एकेरी रस्ते आखले आणि गटागटाला वेळ नेमून दिली. चाचांना खटकलेलं टाइमटेबल ते हेच. २००७ पासून २०१४ पर्यंत रमीच्या गर्दीत तसा अपघात झाला नाही.

मग २४ सप्टेंबर २०१५ आला. पूल शाबूत होता, भिंती शाबूत होत्या. मिनातल्या २०४ आणि २२३ क्रमांकांच्या रस्त्यांच्या तिठ्यावर, पुलाच्या अलीकडे, दोन बाजूंनी आलेली गर्दी एकमेकींना भिडली. सौदी सरकारनं मृतांचा आकडा ७६९ सांगितला. निरनिराळ्या देशांनी आपापल्या मृतांची जी संख्या दिली तिची बेरीज दोन हजारांच्या वर गेली. आपल्या भारतातले शंभराहून जास्त होते. गाठ पुन्हा सरकली होती, या वेळी पुलाबाहेर.

मॉडेल निरुपयोगी असतं असं यावरून मी म्हणणार नाही. नव्या पुलानं किती घरं वाचवली याची मोजदाद कुणी करू शकत नाही. पण आपण मॉडेलमध्ये जे घालतो तेवढंच त्याला कळतं. वेळ दिली की गट वेळेवर निघेल, हे त्यानं गृहीत धरलेलं असतं. एहराममधली अम्मी मुलाचा हात सोडणार नाही, गावचे वीस जण एकमेकांना धरून आडवे चालतील, कुणी "आता गर्दी कमी दिसते" म्हणून दोन तास आधीच निघेल, हे ठिपक्यांना शिकवणं अवघड आहे. पूल इंजिनिअरच्या हातात आहे, पण वेळेचा कागद हाजीच्या खिशात.

दीनच्या दृष्टीनंही हे परकं नाही. अरफातहून परतताना लोक उंट जोरात हाकू लागले तेव्हा हुजूर (स.) यांनी त्यांना शांतपणे चालायला सांगितलं होतं. मुजदलिफातून अशक्त माणसं आणि बायकांना रात्रीच, गर्दीच्या आधी, पुढं जायची परवानगी दिली होती. रमीच्या वेळेची सवलत, आजाऱ्यानं दुसऱ्याला वकील नेमणं, याबद्दल निघण्याआधी आपल्या मौलानांना नीट विचारून घ्यावं. मिनात पोचल्यावर वाद घालायला उसंत नसते. सामान तंबूत ठेवावं, खडे छोट्या पिशवीत. चप्पल निसटली तर वाकू नये. ज्या वाटेनं आलो त्या वाटेनं परतू नये, नातेवाईक मागं राहिला तरी. भेटायची जागा आधीच ठरवावी.

पुढच्या कॅम्पाला मी नरसाळं आणि राजमा सोबत नेणार आहे. चाचांना म्हणणार, दाणे तुम्हीच ओता.