सीटी नॉर्मल, तरी डोकेदुखी थांबेना? मेंदूच्या शिरेतील गुठळी का सापडत नाही

घोडेगाव : बाळंतपणाला आठ-दहा दिवस झालेत आणि डोके सारखे दुखतेय, ही तक्रार घरात कोणी फारशी मनावर घेत नाही. जागरण झाले असेल, वारा लागला असेल, म्हणत डोक्याला रुमाल घट्ट बांधला जातो. बहुतेकदा कारण तेवढेच असते. क्वचित मात्र मेंदूतून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेत गुठळी झालेली असते. डॉक्टर तिला ‘सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस’ म्हणतात.

नेहमीच्या पक्षाघातात मेंदूकडे रक्त नेणारी धमनी तुंबते. तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो. इथे तुंबते ती परतीची वाट. रक्त मागे साचते, दाब वाढतो, सूज येते, कधी रक्तस्रावही होतो. याला काही दिवस, कधी आठवडेही लागतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६२४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे ८९ टक्के रुग्णांना डोकेदुखी होती. निदानाला साधारण आठवडा लागला होता.

साधा सीटी स्कॅन अनेकदा नॉर्मल येतो आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. घोळ इथेच होतो. शिरा दिसतात त्या एमआर किंवा सीटी व्हेनोग्राफीत, आणि ती तपासणी शंका आली तरच लिहून दिली जाते. उलट्या झाल्या की पित्त किंवा अर्धशिशी, आकडी आली की वाढलेला रक्तदाब, असे समजणे सोपे असते. घोडेगावहून पुणे ७०-७५ किलोमीटर. आहुपे-भीमाशंकर पट्ट्यातल्या वाड्यांना आधी घोडेगाव गाठायचे. त्यामुळे पहिल्या दवाखान्यातच शंका येणे महत्त्वाचे.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे जोखमीचे. त्यात रक्तक्षय आणि बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जुनी पद्धत. गर्भनिरोधक गोळ्या, सणावारासाठी पाळी लांबवण्याच्या गोळ्या यांचाही संबंध असू शकतो. पुरुषही सुटत नाहीत; हैदराबादच्या ‘निम्स’मधील ४२८ रुग्णांच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक पुरुष होते.

उपचार ऐकून नातेवाईक दचकतात. मेंदूत थोडा रक्तस्राव दिसत असतानाही हेपॅरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन, सहसा दिले जाते. कारण गुठळी वाढली तर दाब आणखी वाढतो. पुढे काही महिने गोळ्या चालतात. वेळेत उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात.

आडवे झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारी डोकेदुखी, धूसर दिसणे, आकडी, एका बाजूची ताकद जाणे, यांपैकी काही दिसल्यास १०८ ला फोन करावा. डॉक्टरांना बाळंतपणाची तारीख आणि घेतलेल्या गोळ्या, न विचारताही सांगाव्यात.